बस येईपर्यंतचं झाड

पहिला ठोका बसला तेव्हा हार्मके कॉफीत दूध घालत होती. आवाज नंतर आला. आधी जाणवला तो तळपायाला. स्वयंपाकघराच्या फरशीतून एक बारीकसा धक्का वर चढला, बशीतला चमचा हलला, आणि मग लांबून, गावाबाहेरच्या क्लूटव्हेल्ड माळाच्या बाजूने, धप्प. त्याच्या पाठोपाठ मागच्या शेडच्या पत्र्यावर एक अक्रोड टणकन पडला. ती दुधाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. दुसरा ठोका. धप्प. या वेळी अक्रोड पडला नाही, पण तो पडेल म्हणून ती वाट पाहत राहिली आणि कॉफी निवत गेली. हा ठोका तिच्या ओळखीचा होता. जिन्यावरचं पाऊल नवऱ्याचं की परक्याचं हे बायकांना न बघता कळतं, तसा. तिच्या नवऱ्याने, लुबर्टने, सगळं आयुष्य हेच केलं, जमिनीत खांब ठोकले. समुद्र अडवून, पाणी उपसून काढलेली ही जमीन. वर गवत हिरवंगार आणि खाली सगळा लोण्यासारखा चिखल. कुठलंही घर बांधायचं तर आधी सिमेंटचे लांबलचक खांब खालच्या घट्ट वाळूपर्यंत ठोकत न्यायचे आणि त्यांच्या डोक्यावर घर ठेवायचं. हे ऊस्टवाल गाव जमिनीवर उभं नाही, आमच्या लुबर्टच्या ठोक्यांवर उभं आहे, असं ती पाहुण्यांना सांगायची, आणि आपण फार वाढवून सांगतोय असं तिला कधी वाटलं नाही. तो जाऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत गावात बांधकामं झाली, पण सगळी पलीकडच्या टोकाला. इतक्या जवळचा ठोका कितीतरी दिवसांनी आला होता, आणि नेमका आजच आला.

नेमका आजच, कारण अकरा वाजता वस्तीच्या सभागृहात सभा होती आणि तिने योरिटला शब्द दिला होता. योरिट तिच्या शेजारचा. अकरा वर्षांपूर्वी इथे राहायला आला, दोन मुलं, बायको शिक्षिका, माणूस सज्जन. हिवाळ्यात हिच्या दारातला बर्फ न सांगता काढणारा. मागच्या आठवड्यात तो सफरचंदाचा केक घेऊन आला होता. या देशात कॉफीबरोबर एक बिस्किट देऊन डबा बंद करायची पद्धत; माणूस अख्खा केक घेऊन येतो तेव्हा त्याचं काहीतरी मोठं काम असतं, हे तिला कळायला हवं होतं. काम असं होतं की क्लूटव्हेल्डमध्ये हजारो नवी घरं येताहेत, आणि तिथपर्यंत बस न्यायला नगरपालिका त्यांच्या ओळीच्या मागून रस्ता काढणार आहे. परसांच्या मागे जो हिरवा पट्टा आहे ना, तिथून. म्हणजे मुलांचा झोपाळा जाणार, कुंपणं जाणार, आणि अक्रोडाचं झाडही जाणार. "रस्ता आम्हाला नको असं नुसतं म्हटलं तर हसतील," योरिट म्हणाला. "पण झाडाचं म्हटलं तर ऐकावंच लागेल. आपल्या गावात याच्याएवढी जुनी झाडं किती आहेत? आणि ते तुमच्या लुबर्टने लावलेलं. तुम्ही इथल्या पहिल्या रहिवाशांपैकी. तुम्ही उभ्या राहून दोन शब्द बोललात तर पुरे." तिच्या तोंडात केक होता. तिने मान हलवली. नंतर दोन दिवसांनी झाडाला एक पाटी लटकली, योरिटच्या धाकट्या मुलीच्या अक्षरात: मला जगू द्या.

झाड खरंच देखणं होतं, यात वाद नव्हता. आता ऑक्टोबरात त्याची पानं पिवळी पडायला लागली होती आणि खालच्या बाकावर, जो लुबर्टने उरलेल्या फळ्यांतून केला होता, रोज सकाळी अक्रोड पडलेले असत. ती सकाळची कॉफी तिथे घ्यायची. सुरुवातीला ती झाडाशी बोलायची नाही. मग हळूहळू बोलायला लागली, म्हणजे लुबर्टशी, पण तोंड झाडाकडे करून. काल रात्री पाय दुखला. आपल्या अन्नेलीनचा फोन आला होता. समोरच्यांनी घराला काय भयानक रंग दिलाय. आणि ही सवय लागल्यापासून तिला हे झाड मुळात इथे कशासाठी लावलं होतं ते आठवेनासं झालं होतं. म्हणजे आठवत होतं, पण घरातल्या बंद खोलीसारखं. आहे माहीत, दार उघडत नाही. आज तळपायाला ठोका लागला आणि ते दार धाडकन उघडलं, त्याला ती तरी काय करणार होती?

पट्टा रिकामा होता ना तेव्हा. पट्टाच कशाला, सगळंच रिकामं होतं. नऊ घरांची ही ओळ, पुढे वाळू, मागे वाळू, त्यापलीकडे बोरूचं रान आणि त्यावरून येणारा वारा, ज्याला अडवायला डेन्मार्कपर्यंत काही नव्हतं असं लुबर्ट म्हणायचा. ती दोघं नव्या घराची किल्ली घ्यायला आली तेव्हा नगरपालिकेच्या एका हसऱ्या गृहस्थाने त्यांना मागच्या दारी नेऊन हाताने हवेत रेघ ओढून दाखवली होती: इथून बस जाणार, बाई. पाच वर्षांत. तुम्ही भाजी चिरता चिरता बस आली का बघाल आणि पायात चपला अडकवून निघाल. अॅम्स्टरडॅममध्ये दोन खोल्यांत चौथ्या मजल्यावर दिवस काढलेल्या हार्मकेला त्या हवेतल्या रेघेवर बस स्पष्ट दिसली होती, पिवळी, दिवे लावलेली. जुन्या जमिनीवरच्या, म्हणजे पुलापलीकडच्या, कोळ्यांच्या गावातले लोक त्यांना हसत. आमचे आजे जिथे मासे धरायचे तिथे तुम्ही पडदे लावताय, असं तिथली पाववाली म्हणाली होती आणि पाव मात्र मोजून पैसे घेऊन दिला होता. हार्मके पाव घेऊन निघाली. पण घरी येऊन परसात खणताना तिला शिंपले लागले, मूठ मूठ शिंपले, आणि तिने ते धुऊन पुढच्या खिडकीत मांडून ठेवले. अजून आहेत. हो, समुद्राच्या तळाशी राहतो आम्ही, बघा.

आणि काय काय नव्हतं तेव्हा! दुकान नव्हतं, डॉक्टर नव्हता, रस्त्यावर दिवे होते पण त्यांच्यात वीज नव्हती. म्हणून नऊही घरं पुढच्या खोलीतला दिवा लावून पडदे उघडे ठेवत, म्हणजे उशिरा येणाऱ्याला ओळ सापडावी. बागा खचत होत्या, तेही कुणी सांगितलं नव्हतं. घर खांबांवर, ते जिथल्या तिथे. बाग मात्र चिखलावर, ती दर वर्षी थोडी खाली. तिने हौसेने बसवलेल्या लाद्या वर्षभरात दारापासून सुटून लोंबायला लागल्या आणि मागच्या दाराला एक पायरी वाढवावी लागली, मग आणखी एक. एकट्याने बाग उंच करून चालत नाही, शेजाऱ्याच्या बागेत पाणी जातं. म्हणून सगळी ओळ मिळून वाळूचा ट्रक मागवायची आणि एकाच दिवशी सगळे फावडी घेऊन बाहेर पडायचे. बाकीच्या जगात लोकांना देवळं, राजवाडे, पूर्वज वाट्याला येतात. आम्हाला गाव करायला मिळालं, असं तिला वाटायचं. गावातलं पहिलं लग्न तिने पाहिलं, पहिलं भांडण तर तिच्याच दारात झालं, कचऱ्याच्या डब्यावरून. आता दोन लाख माणसं राहतात. स्टेशनवर संध्याकाळी उतरणाऱ्या गर्दीत ती कधीकधी मुद्दाम उभी राहायची, काही काम नसताना, धक्के खात. एकही चेहरा ओळखीचा नसायचा आणि तिचा ऊर भरून यायचा.

बस मात्र आली नाही. पाच वर्षांत नाही, दहात नाही. आधी पैसे नव्हते, मग नकाशे बदलले, मग गाव दुसऱ्याच अंगाने वाढलं. आणि त्या आधी, दुसऱ्याच हिवाळ्यात, अन्नेलीनचा कान. ती दोन वर्षांची होती. ताप चढत चालला, लुबर्ट उत्तरेला कामावर, ओळीत फोन एकाच घरी आणि ते घर त्या दिवशी बंद. हार्मकेने पोरीला बाबागाडीत घातलं आणि पुलाच्या दिशेने निघाली, डॉक्टर पुलापलीकडे. वाळूत चाकं रुतायला लागली. ती ढकलते आहे, वारा समोरून येतो आहे, आणि गाडी जागची हलत नाही. शेवटी गाडी तिथेच टाकून तिने पोरीला कोटाच्या आत घेतलं आणि चालत राहिली. पोर रडायची थांबली होती. त्याचीच जास्त भीती वाटत होती. वाळूच्या एका ट्रकवाल्याने पुढे कुठेतरी उचललं त्यांना. पोर वाचली. डावा कान गेला. काल आणली असतीत तर, असं डॉक्टर म्हणाला, आणि ते वाक्य हार्मकेच्या अंगात शिंपल्यासारखं बसलं ते बसलंच. लुबर्ट घरी आला, सगळं ऐकलं. वसंत ऋतू आल्यावर त्याने कुठूनतरी अक्रोडाचं रोप आणलं आणि मागच्या पट्ट्यात खणायला लागला. ती म्हणाली, अरे कडेला लाव, मध्ये कुठे लावतोस, इथून बस जायचीय. तो म्हणाला, म्हणून तर. दोरी लावून त्याने पट्ट्याचा बरोबर मध्य काढला. "कडेला लावलं तर त्यांना विसरता येईल. मध्ये लावलं की बस आणायची तर हे तोडावंच लागेल, आणि तोडायला आले की मी विचारीन, कुठे होतात इतके दिवस? तोवर बस येईपर्यंत अक्रोड खाऊ." त्यांच्याकडे म्हण आहे, झाड मोठं तर लावणारा मेला. ती ऐकवली तिने. तो हसला. "बघू, आधी कोण येतं ते, बस की मरण."

आणि झालं काय? झाड वाढलं. सावली आली, पाखरं आली. एका घराने कुंपण चार पावलं मागे सरकवलं, मग दुसऱ्याने. कुणी कोंबड्या ठेवल्या, कुणी झोपाळा टांगला. आयत्या बिळावर सगळेच नागोबा, आणि पहिला नागोबा आपला बाक घेऊन आपणच बसलो, हे हार्मके आज कॉफीच्या थंड कपाकडे बघत स्वतःशी म्हणाली. बसची आठवण राहावी म्हणून लावलेल्या झाडाने सगळ्यांना बस विसरायला लावली. लुबर्टसुद्धा शेवटी शेवटी बाकावर बसून म्हणायचा, शांत आहे नाही इथे? तो म्हणायचा खरं. मग त्याची मर्जी कुठली धरायची, दोरी लावून मध्य काढणाऱ्या तरुणाची की बाकावर डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्याची? धप्प, आणि पत्र्यावर टणकन. तिने अन्नेलीनला फोन लावला. लेक आता पन्नाशीची, लांब राहते. फोन घेतला की आधी उजव्या कानाकडे नेते, त्यामुळे पहिला शब्द नेहमी क्षणभर उशिरा येतो. हार्मकेने त्या क्षणभराची आयुष्यभर वाट पाहिली होती. तिने सभेचं सांगितलं. लेक म्हणाली, "आई, झाड राहू दे. बाबांचं एवढंच तर उरलंय. बस काय, कुठूनही नेतील." हार्मके म्हणाली, ते कशासाठी लावलं होतं ठाऊक आहे ना तुला? "ठाऊक आहे. मला एक कान पुरतो, आई. माझ्यासाठी काही तोडू नकोस." लेक हे हसत म्हणाली, आणि हार्मकेने फोन ठेवल्यावर टेबलावर दोन्ही हात ठेवले. झाड तिला हवं होतं. हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. त्याच्याशिवाय सकाळ कशी करायची हे तिला माहीत नव्हतं.

सभागृह भरलेलं होतं. योरिटने तिच्यासाठी पुढची खुर्ची राखली होती, तिच्यावर स्वतःचा मफलर टाकून. नगरपालिकेतून मारिट नावाची एक तरुण मुलगी आली होती, रस्ते आखणारी. भिंतीवर तिने नकाशा लावला आणि त्यावर तीच रेघ होती. हवेतली. हार्मकेने ती लगेच ओळखली, इतक्या वर्षांनी, कागदावर उतरलेली. माणसं बोलली. आवाज होईल, मुलांना धोका, गाव भरलं आता, आणखी किती माणसं कोंबणार, असं बरंच. गाव भरलं हे वाक्य हार्मकेला खटकलं. बोलणारा बायको-मुलांसकट मागच्या वर्षीच आला होता. गाडीत जागा मिळालेला माणूस आधी दार लावून घेतो, तसंच हे. मारिट शांतपणे ऐकत होती. शेवटी ती म्हणाली की झाडाबद्दल लोकांच्या भावना तिला कळतात. रेघ वळवता येईल, झाडाला वळसा घालून. फक्त मग नवे आराखडे, नवी मंजुरी, त्यात दोनेक वर्षं जातील. तोवर क्लूटव्हेल्डच्या लोकांना मोठ्या रस्त्यापर्यंत चालत यावं लागेल. टाळ्या झाल्या. जोरात झाल्या. दोन वर्षांचं कुणाला काहीच वाटलं नाही, कारण ती दुसऱ्यांची होती. योरिटने वाकून तिच्या कोपराला हात लावला. "हार्मकेबाई, आता दोन शब्द. जिंकलोच आहोत आपण, फक्त शिक्का मारा."

ती उठली. गुडघा कुरकुरला. सभागृह एकदम गप्प झालं, आणि त्या शांततेत, भिंतींतून, जमिनीतून, तो आला. धप्प. लोकांनी वैतागून खिडकीकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही. तिला आपण काय बोलणार हे उठेपर्यंत ठाऊक नव्हतं.

"वळवू नका," ती म्हणाली. "सरळ न्या."

मग तिने सांगितलं. फार नाही, हसऱ्या गृहस्थाची रेघ, पाच वर्षं, लुबर्टची दोरी. कानाचंही सांगितलं, एका वाक्यात. "ते झाड स्मारक नाही," ती म्हणाली. "ती पाटी आहे. लुबर्टने लावलेली. तिच्यावर मला जगू द्या असं नाही लिहिलेलं, बस कुठाय असं लिहिलंय. आता बस आली तर पाटी काढायला नको?" योरिट खालच्या आवाजात म्हणाला, "अहो, पण तुम्ही हो म्हणाला होतात ना मला." ती म्हणाली, "म्हणाले होते. तुझा केक खात होते तेव्हा. केक चांगला होता रे, पण माझं चुकलं." मागून कुणीतरी हसलं, मग आणखी दोघंतिघं. योरिट हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता, आणि त्याचं तिला वाईट वाटलं. माणूस बर्फ काढणारा होता. मारिटने वहीत काही लिहिलं नाही, नुसती तिच्याकडे बघत होती. हार्मके तिला म्हणाली, "मुली, तुला एकच विचारते. तोडायला येशील तेव्हा मला बोलाव. मला तुम्हा लोकांना एक प्रश्न विचारायचाय, तो माझ्या नवऱ्याचा राहिलाय."

हात वर झाले तेव्हा सगळे तिच्या बाजूने झाले असं नाही. निम्म्याहून थोडे जास्त. योरिटने हात खिशातच ठेवले. ना इकडे, ना तिकडे. पण बाहेर पडताना त्याने तिला कोट धरून दिला.

घरी आल्यावर ती बाकावर बसली नाही. बसली असती तर रडली असती, आणि तिला आज रडायचं नव्हतं. तिने पिशवी घेतली आणि खाली पडलेले अक्रोड गोळा केले, पत्र्यावरचेही काठीने पाडले. बोटं काळी झाली. पाटीला हात लावला नाही. ती ज्या पोरीने लावली तिनेच काढायला हवी. आता ती नाही म्हणते, की ओरडते, ते उद्या बघू. मग हार्मके पट्ट्यातूनच निघाली, त्याच रेघेवरून, कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून, कुंपणं संपेपर्यंत, आणि पुढे क्लूटव्हेल्ड सुरू झालं. वाळू. इथून तिथून वाळू, वर ओळीने मारलेल्या खुंट्या, लांब यंत्राचा उंच हात आणि त्याखाली टोप्या घातलेली माणसं. यंत्राचा घण वर उचलला जायचा, क्षणभर थांबायचा, आणि खाली. एवढ्या जवळून ठोका पोटात लागत होता. तिला उगाचच मान वर करून चालावंसं वाटलं. यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं ती कोण ते, आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. गाव वाढत होतं, लुबर्टच्या आवाजात वाढत होतं, आणि ती त्यातून चालली होती.

पार पलीकडच्या टोकाला एकच ओळ तयार होती. तिच्यातल्याही तीन-चार घरांतच माणसं आली होती. शेवटच्या घरापुढे एक बाई बाबागाडी मागे ओढत होती, पायात रबरी बूट, चाक रुतलेलं. हार्मकेने पिशवी खाली ठेवली आणि गाडीची दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून उचलून ती दारापाशी आणली. बाईने आभार मानले, नाव नुर्गुल सांगितलं, अॅम्स्टरडॅमहून आलो म्हणाली, चौथ्या मजल्यावर राहायचो. घर फार छान आहे हो, पण दुकान नाही, काही नाही, आणि वारा तर बघा. मूल झोपलं होतं, टोपी कानांवरून खाली ओढलेली. हार्मकेने पिशवी तिच्या हातात दिली. नुर्गुलने आत बघितलं, चकित झाली, एक अक्रोड उचलून हातात वजन केलं. मग ती म्हणाली, तुम्ही पलीकडच्या ओळीतल्या ना? नगरपालिकेचा माणूस सांगत होता तुमच्या मागून बस येणार म्हणून. हाताने दाखवलं त्याने, अशी. तिने हवेत रेघ ओढली.

"खरंच येणार का हो? की नुसतं सांगतात?"

मागे यंत्राचा घण वर गेला होता. हार्मके ठोक्यासाठी थांबली. तो बसला, पायाखाली सगळीकडे पसरला, आणि विरला.

"येणार," ती म्हणाली. "झाड दिलंय मी."